‘निर्जंतुक’ छापायला काय लागतं?

मे २०२१. कोरोनाची दुसरी लाट भरात होती आणि उल्हासनगरच्या खेमानी भागातला एक व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागला. लहानशा घरांत, जमिनीवर बसून बाया आणि मुलं आरटीपीसीआर चाचणीच्या कांड्या पाकिटांत भरत होती. हातमोजे नाहीत, मास्क नाहीत. छापा पडला, गुन्हा दाखल झाला. हातावर पोट असलेल्या त्या बायांना मिळालेलं ते काम होतं, त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. पण कल्याणच्या पुढच्या दुसऱ्याच स्टेशनाजवळ भरली जाणारी ती कांडी कुणाच्या तरी नाकात जाणार होती आणि पाकिटाकडे पाहून कुणालाही काही कळलं नसतं.

मग कळायचं कसं? त्यासाठीच परवाना पाहायचा. १ एप्रिल २०२०पासून देशातली सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली. त्याआधी मोजकीच होती. धोक्याच्या चढत्या क्रमाने त्यांचे ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत. रक्तदाब मोजायचं यंत्र बीमध्ये, व्हेंटिलेटर सीमध्ये, हृदयातला स्टेंट डीमध्ये. सी आणि डी वर्गासाठी १ ऑक्टोबर २०२३पासून परवाना सक्तीचा झाला. ए आणि बीसाठी त्याच्या वर्षभर आधी. ए वर्गातल्या निर्जंतुक नसलेल्या, मोजमाप न करणाऱ्या साध्या वस्तूंना तेवढी सूट आहे.

विकणाऱ्यालाही नियम आहे. औषधविक्रीचा परवाना असलेल्या केमिस्टला वेगळं काही काढावं लागत नाही. नुसतं सर्जिकल सामान विकणाऱ्याला मात्र राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून ‘एमडी-४२’ हे नोंदणी प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि दुकानात दर्शनी भागात लावावं लागतं. त्याने माल परवानाधारक किंवा नोंदणीकृत ठिकाणाहूनच घ्यायचा असतो. तेव्हा दुकानात शिरल्यावर आधी भिंतीकडे पाहा. ठाण्या-डोंबिवलीतले छोट्या दवाखान्यांचे डॉक्टर घाऊक खरेदीसाठी मुंबईची प्रिन्सेस स्ट्रीट गाठतात, त्यांनीही पाहावं. व्हॉट्सअॅपवर ‘अर्ध्या भावात’ म्हणून फोटो पाठवणाऱ्याला तर भिंतच नसते!

परवाना म्हणजे माल उत्तमच, असं मात्र नाही. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचे एएसआर हे खुब्याचे कृत्रिम सांधे रीतसर आयात होऊन भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत बसवले गेले. ऑगस्ट २०१०मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. पुढे केंद्राच्या तज्ज्ञ समितीने चौकशी केली, तेव्हा यातल्या बहुतेक रुग्णांचा ठावठिकाणाच लागेना. कोणता सांधा कुणाच्या शरीरात गेला, याची नोंद हाताशी नव्हती. म्हणूनच बिलाला मी परवान्याइतकंच महत्त्व देतो. माल बिघडलेला निघाला, तर बिलावरच्या बॅच क्रमांकाचा माग धरून रुग्णापर्यंत पोचता येतं. बिल नसेल तर दुकानदार ‘आमच्याकडचा नाहीच’ म्हणून हात वर करायला मोकळा.

आईवडिलांसाठी बीपीचं मशीन घेताना खोका उलटा करून बघा. उत्पादकाचं नाव, कारखान्याचा पत्ता, ‘एम. एल.’ किंवा ‘मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स नंबर’, बॅच, तारीख, एमआरपी. माल परदेशी असेल तर आयातदाराचं नाव, पत्ता आणि आयात परवाना क्रमांक. या मजकुरावर वरून दुसरं स्टिकर चिकटवलेलं दिसलं तर घेऊ नका. इम्प्लांट बसवलं असेल तर त्याचं स्टिकर डिस्चार्जच्या कागदांवर लावून मागा; तो तुमचा हक्क आहे, उपकार नाही.

दुकानदार बिल द्यायला कां-कूं करू लागला, तर तिथून निघा आणि अन्न व औषध प्रशासनाला १८००-२२२-३६५ या नि:शुल्क क्रमांकावर कळवा. ठाण्यात त्यांचं कार्यालय वागळे इस्टेटमध्ये आहे. तिथे लेखी तक्रार देता येते.