लेखणी धरणाऱ्यांनी लेखणी कातावी

भंडारा जिल्ह्यात लेखणी चालविणाऱ्यांची वाण नाही. कचेरीत, शाळेत, तुमसरच्या धान्यबाजारात, साकोली-लाखनीच्या दुकानांत ती कोणाच्या ना कोणाच्या खिशाला अडकविलेली असतेच. परंतु जिच्या बळावर आपण पोट भरतो ती वस्तू घडते कशी, हे त्यांपैकी किती जणांस ठाऊक आहे? लिहिणाऱ्याने हत्यारास हात लावू नये आणि हत्यार धरणाऱ्याने लिहू नये, अशी जी वाटणी आपल्या समाजाने शतकानुशतके करून ठेविली, तिचेच हे फळ होय. फिरत्या लाकडास हत्यार टेकवून त्यास गोल आकार देणारा तो कातारी. हे कौशल्याचे नाव न राहता जातीचे होऊन बसले. मग शिकलेल्याने लेथपुढे बसावे कसे? फावल्या वेळी घरी लाकडी पेन कातण्याचा छंद हे या रोगावरील एक लहान, परंतु नेमके औषध आहे, असे आमचे मत आहे.

यावर पहिला आक्षेप पैशाचा येईल. लेथ महाग, पटाश्या महाग, मग सामान्य गृहस्थाने काय करावे? आमचे उत्तर असे की, आरंभी लेथ घेऊच नये. भिंतीस भोक पाडण्याचे विजेचे ड्रिल अनेक घरी असते. ते फळीवर आडवे, घट्ट बांधावे. त्याच्या तोंडात पेनाची सळई धरावी आणि सळईच्या दुसऱ्या टोकास लाकडी ठोकळ्यात बसविलेल्या अणकुचीदार स्क्रूचा आधार द्यावा. झाला गरिबाचा लेथ! मात्र बाजूने पडणारा मोठा दाब ड्रिल फार काळ सोसत नाही. म्हणून त्यावर पटाशी न चालविता कानस व काचकागद यांनीच काम करावे, व यंत्र तापताच थांबावे. हात बसल्यावर, आणि हौस टिकल्यावर, लहान लेथ घेण्यास हरकत नाही.

दुसरा आक्षेप जागेचा. तो तर आमच्या पूर्वजांनीच खोडून ठेविला आहे. जुना कारागीर जमिनीवर बसून एका हाताने धनुकली ओढी व दुसऱ्या हाताने हत्यार धरी. त्याचा सारा कारखाना ओसरीच्या कोपऱ्यात मावे. एक फळी, एक शेगडा आणि पसारा आवरण्यास एक पेटी, एवढ्याने आजही भागते.

साहित्यासाठी तर भंडाऱ्याने दूर पाहण्याचे कारणच नाही. ज्या तेंदूची पाने विडीसाठी जातात, त्याच झाडाच्या जुन्या खोडाचा गाभा काळाभोर असतो. त्यासाठी जंगलात कुऱ्हाड घेऊन जाणे हा अपराध होईल. सुताराकडे उरलेले साग-शिसवीचे तुकडे किंवा मोडक्या चौकटीचे मुरलेले सागवान पुष्कळ झाले. चौकटीतील खिळे तेवढे आधी काढावेत. पेनाच्या पोटात ज्या नळ्या बसतात त्या पितळेच्या, आणि पितळेच्या भांड्यांसाठी तर भंडारा प्रसिद्धच आहे! टोक, क्लिप, फिरकी व नळ्या यांचा संच बाजारात तयार मिळतो.

आता कृती. नवशिक्याने 7 मिलिमीटर नळीचा साधा संच घ्यावा. सुमारे 2 सेंटीमीटर चौरस व 13 सेंटीमीटर लांब असा कोरडा तुकडा घेऊन त्याचे दोन भाग करावेत; ते नळीहून किंचित लांब असावेत, कारण ड्रिल बाहेर पडताना टोकाचे लाकूड फुटते. भोक पाडताना ड्रिल वारंवार मागे घेऊन भुसा काढावा, नाही तर लाकूड तापून तडकते. नळी काचकागदाने खरवडावी, म्हणजे डिंक धरतो. तिचे तोंड बटाट्याच्या चकतीत दाबून बंद करावे, म्हणजे तो आत शिरत नाही. दोन भागांचा हा डिंक सुकण्यास रात्रभर अवधी द्यावा. नंतर लाकडाची टोके नळीच्या तोंडाशी अगदी काटकोनात सपाट करावीत. पुष्कळांचे पेन बिघडते ते येथेच. टोक तिरपे राहिले की जोडात फट दिसते व कितीही चकाकी तिला झाकीत नाही. मग सळईवरील पोलादी बुशांच्या जाडीपर्यंत लाकूड उतरवावे. काचकागद 150 पासून क्रमाने 600 पर्यंत नेऊन शेवटी स्पिरिटात विरघळविलेली चपडा लाख पुसावी. सर्व भाग शेगड्यात हळूहळू दाबून बसवावेत.

सावधगिरीविषयी आम्ही कठोर आहोत. डोळ्यांस चष्मा व नाकास मास्क लावल्यावाचून बसू नये. शिसवीसारख्या लाकडाची धूळ कित्येकांस बाधते. सैल बाही, पदर, मोकळे केस आणि हातमोजे फिरत्या यंत्रापासून दूरच ठेवावेत.

उरला तिसरा आक्षेप, तो लाजेचा. आणि तोच खरा. तो घेणाऱ्यांनी वर्ध्याकडे पाहावे. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी 1932 साली स्वदेशी फाउंटन पेनाचा उद्योग आरंभिला. त्यांनी कुमारप्पांच्या द्वारे पाठविलेले पेन वापरून महात्मा गांधींनी जुलै 1935 मध्ये त्यांस पसंतीचे पत्र लिहिले. हे कुमारप्पा वर्ध्यातील ग्रामोद्योग संघाचे. त्याच वर्ध्यात 1937 च्या ऑक्टोबरात भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तव्यवसाय हा शिक्षणाचा पाया मानला. तो विचार आम्ही सभांतून वाखाणला. घरी मात्र मुलाने करवत उचलली की "अभ्यास कर" म्हणून ती हिसकावून घेतली!

या छंदाने कोणी श्रीमंत होईल असे खोटे आश्वासन आम्ही देणार नाही. पहिली दोन-तीन पेने वाकडीच होतील. परंतु ज्याने एक भोक सरळ पाडण्यासाठी तासभर घाम गाळला, तो सुताराशी मजुरीची घासाघीस करताना दोनदा विचार करील, हा लाभ लहान नव्हे. गावोगावच्या वाचनालयांनी एक कोपरा व शाळांनी आठवड्याचा एक तास द्यावा. व्यापाऱ्यांनी मिळून एक सामाईक लेथ घेऊन द्यावा आणि तेथे शिकविण्यास सुतारास योग्य मानधन देऊन गुरुजी म्हणून बोलवावे. ज्या दिवशी कारकुनाचा मुलगा सुताराच्या मुलीशेजारी बसून पेन कातील, आणि तेच पेन घेऊन दोघे परीक्षेस जातील, त्या दिवशी लेखणी व हत्यार यांतील हे जुने वैर निदान एका खोलीपुरते तरी मिटलेले असेल.