फेल्टचे जलचर : लेखांक ४ : बेत, काठ आणि भरण

गेल्या तीन लेखांकांत फेल्टची निवड, सुईदोऱ्याचा सरंजाम आणि काही मूलभूत टाके यांचा विचार झाला. आता प्रत्यक्ष आकृती बेतावयाची आहे, आणि माझ्या मते या कसबाची खरी परीक्षा येथेच होते. विणलेल्या कापडाला उभे-आडवे सूत असते, कापलेल्या काठाचे धागे सुटतात, म्हणून शिवणाऱ्याला काठ दुमडावा लागतो, माया सोडावी लागते, आणि त्या मायेच्या आड बेताचा थोडाबहुत दोष झाकलाही जातो. फेल्टची घडण निराळी आहे. लोकरीच्या तंतूवर एकावर एक बसलेले अतिसूक्ष्म खवले असतात. ऊब, ओल, साबण आणि घर्षण यांच्या योगाने ते तंतू एकमेकांत शिरतात व खवल्यांच्या अडसरामुळे पुन्हा मागे फिरू शकत नाहीत, आणि अशा रीतीने जमून आलेल्या वस्त्राला कात्री कोठूनही लावली तरी काठ जसाच्या तसा उभा राहतो. खोगिराखालचा नमदा काय किंवा अंथरावयाचा बुरणूस काय, दोहोंची जात हीच. माया नको, दुमड नको, सुताची दिशा पाहण्याची तसदी नको, एवढी मुभा मिळाल्यावर शिवणाऱ्यापाशी उरते ती केवळ बाह्यरेषा. आणि ती रेषा झाकण्यास काहीच नसल्यामुळे, ज्या प्राण्याची आकृती आपण कापतो त्याची ओळख आपल्याला कितपत आहे, हे ती पहिल्याच दृष्टिक्षेपात सांगून टाकते.

या मुभेचा लाभ माणसाने फार पूर्वीपासून घेतलेला आहे. सायबीरियातील अल्ताय पर्वतात पाझिरिक येथे बर्फात गोठून राहिलेल्या थडग्यांचे उत्खनन रुदेन्को या रशियन पुरातत्त्वज्ञाने केले, तेव्हा १९४९ साली उघडलेल्या पाचव्या थडग्यात फेल्टचे, आत भरण घातलेले हंस सापडले. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणा भटक्या टोळीतील हातांनी शिवलेले ते पक्षी आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. मानेचा बाक आणि शरीराचा डौल त्यांत असा उतरला आहे, की ज्यांनी ते केले त्यांनी पाण्यावरचा हंस पुष्कळ वेळ न्याहाळला असला पाहिजे याविषयी शंका राहत नाही.

अलीकडच्या काळातील दाखला जर्मनीतील गींगेन या गावच्या मार्गारेटे श्टाइफ यांचा. १८४७ साली जन्मलेल्या या बाईंना दीड वर्षाच्या वयात पोलिओ झाला, पाय कायमचे निकामी झाले आणि उजवा हातही दुखरा राहिला. तरी त्या शिवण शिकल्या, आणि १८७७ साली त्यांनी फेल्टच्या कपड्यांचे दुकान काढले. डिसेंबर १८७९ मध्ये एका शिवणविषयक नियतकालिकात हत्तीचा एक बेत छापून आला होता. त्यावरून त्यांनी १८८० साली टाचण्या खोचण्याकरिता फेल्टची एक उशी केली, आत मऊ लोकर भरली, आणि आप्तेष्टांना तशा उशा भेटीदाखल दिल्या. मुलांनी त्या उशांना खेळणे ठरविले आणि पुढे त्यातूनच श्टाइफ हा जगद्विख्यात कारखाना उभा राहिला. या वृत्तान्तात मला विशेष वाटते ते असे, की एवढ्याशा वस्तूकडे मुलांचे मन ओढले गेले ते हत्तीचा हत्तीपणा तीत शाबूत होता म्हणून. एरवी टाचण्यांची उशी कोणत्या मुलाने उचलून कुशीत घेतली असती?

आता आपल्या जलचरांकडे वळू. प्रारंभ पापलेटपासून करावा, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. दोन सपाट तुकडे काठाशी सांधून मध्ये थोडे भरण घालणे हा या कामाचा पहिला धडा, आणि पापलेटचे शरीर निसर्गानेच दोन्ही बाजूंनी असे चपटे केले आहे की त्या धड्यात त्याची काहीच हानी होत नाही. कोळणीच्या पाटीतला एक पापलेट कागदावर आडवा ठेवून त्याच्याभोवती पेन्सिल फिरविली, की बेत तयार. मात्र फिरविताना डोळे उघडे ठेवावेत. पाठीवरचा आणि पोटाखालचा असे दोन्ही पर मागे कोयत्यासारखे वळलेले असतात. शेपटीच्या दोन पात्यांपैकी खालचे पाते वरच्यापेक्षा लांब असते. आणि इतर पुष्कळ माशांना पोटाशी जी परांची जोडी असते ती पापलेटला नसते. आकृती लहान करताना या तीन गोष्टी राखल्या तर रंग निळा घेतला काय किंवा करडा, पाहणारा त्याला पापलेटच म्हणेल. त्या हरवल्या, तर उरतो तो कोठल्याही शुभेच्छापत्रावरचा निनावी मासा.

बेताचा कागद फेल्टवर टाचण्यांनी बसवू नये. इतक्या लहान तुकड्यावर टाचणी घातली की जाड वस्त्र उचलले जाते आणि रेषा सरकते. पातळ कागद कच्च्या धावदोऱ्याने फेल्टवर टाचावा, कागद आणि फेल्ट एकत्रच कापावे, आणि वळणावर कात्री स्थिर ठेवून हातातले फेल्ट फिरवावे. काठ सांधण्यास काजाचा टाका सर्वांत योग्य होय. सहापदरी दोऱ्यातील दोनच पदर सुईच्या नेढ्यात ओवावेत, पहिली गाठ दोन थरांच्या मध्ये लपवावी, आणि टाक्याची खोली व दोन टाक्यांमधील अंतर ही दोन्ही सुमारे ३ मिलिमीटर राखावीत. बाहेर फुगलेल्या वळणावर टाके मध्यबिंदूकडे रोखलेले हवेत. आत शिरलेल्या कोपऱ्यात एक टाका नेमका कोनावर पडलाच पाहिजे, नाही तर भरण घालताच तेथे तोंड उघडते. आणि टोकावर एकाच छिद्रातून तीन टाके काढले म्हणजे टोक टोकच राहते. येथील टाका उघड्यावर असतो, तो कोणत्याही अस्तराखाली जात नाही. म्हणून दोऱ्याचा रंग फेल्टशी मिळताजुळता घ्यावा की ठसठशीत विरोधी घ्यावा, हा निर्णय ज्याने त्याने करावा. पण ज्याचा हात अजून बसलेला नाही त्याने विरोधी रंगाच्या वाटेस जाऊ नये.

पापलेटनंतर देवमासा. माझ्या पाहण्यातल्या फेल्टच्या देवमाशांपैकी बहुतेकांची शेपूट चुकलेली असते, आणि ती चूक केवळ तपशिलाची नव्हे, तर शरीररचनेची आहे. मासा पोहतो तो शरीर डावीकडे-उजवीकडे लवचून, म्हणून त्याच्या शेपटीचे पाते उभे असते. देवमासा हा सस्तन. त्याचे पूर्वज चार पायांनी जमिनीवर चालणारे होते, आणि धावणाऱ्या चतुष्पादाचा कणा जसा वरखाली वाकतो तसाच देवमाशाचाही वाकतो, म्हणून त्याच्या शेपटीची दोन पाती आडवी पसरलेली असतात. दोन सपाट तुकड्यांच्या बेतात शरीर आणि शेपूट एकसंध कापली की ती शेपूट अपरिहार्यपणे उभी होते, आणि देवमाशाचा मासा होऊन बसतो.

यावर तजवीज अशी, की शरीराच्या डाव्या व उजव्या अशा दोन बाजू कापाव्यात, पोटाखाली दोन्ही टोकांना निमुळती होत जाणारी तिसरी पट्टी घालावी, आणि शेपटीची जोडपाती स्वतंत्रपणे दोन थरांची शिवून, शरीराच्या मागच्या टोकाशी राखलेल्या फटीत ती आडवी बसवावी. पोटाच्या पट्टीची लांबी मोजपट्टीने मोजू नये. ज्या वक्र काठाला ती जोडावयाची त्या काठावर एक दोरा ठेवून तो सरळ करावा आणि त्या लांबीइतकीच पट्टी कापावी; ती आखूड पडली तर देवमासा कमानीसारखा वाकतो, लांब झाली तर पोटाला सुरकुत्या पडतात. निळ्या देवमाशाच्या हनुवटीपासून नाभीपर्यंत कातडीला उभ्या चुण्या असतात, ज्यांच्यामुळे त्याचा गळा पाण्याचा प्रचंड घोट घेताना विस्तारू शकतो. त्या दाखविण्यासाठी पट्टी जोडण्यापूर्वीच तिच्या पुढल्या अर्ध्या भागावर धावदोऱ्याच्या सात-आठ समांतर ओळी घालाव्यात. दोरा किंचित ओढून घेतला की फेल्ट ओळींमध्ये हलकेच उचलले जाते, आणि त्या चुण्या केवळ दिसत नाहीत, बोटालाही लागतात. या कामाला एक संध्याकाळ जाते. ती खुशाल जाऊ द्यावी.

कासवाच्या बाबतीत पाठीच्या ढालीकडे लक्ष हवे. समुद्री कासवाला मान आणि पाय कवचात ओढून घेता येत नाहीत, त्यामुळे ते अवयव ढालीखालून स्पष्ट बाहेर काढावेत, आणि वल्ह्यांसारखे पुढचे पर मागच्यांपेक्षा चांगले लांब ठेवावेत. ढाल गोल चकतीची कापून चालत नाही, ती सपाट पडते. मागल्या बाजूस दोन व पुढल्या बाजूस एक अशा बारीक पाचरी कापून त्यांचे काठ सांधले, की तिला घुमट येतो. त्या घुमटावर साखळी टाक्याने शल्कांची नक्षी भरताना लोक मनास येतील तितके षट्कोन भरतात. हिरव्या कासवाच्या ढालीवर मध्यरेषेत ५ आणि तिच्या दोन्ही अंगांस प्रत्येकी ४ अशी १३ मोठी शल्के असतात. कोकणात वेळाससारख्या किनाऱ्यांवर अंडी घालण्यास येणारे ऑलिव्ह रिडले कासव मात्र याबाबत स्वैर आहे. त्याच्या बाजूची शल्के बहुधा प्रत्येकी ६ ते ९ असतात, आणि डाव्या-उजव्या बाजूंची संख्या नेहमी जुळतेच असे नाही. ज्यांना समतोल नक्षीचा हव्यास आहे त्यांनी हिरवे कासव करावे. मी स्वतः रिडलेची निवड करीन, कारण ते आपल्या किनाऱ्यावर येते आणि त्याच्या पाठीवरील ती लहानशी विषमता फेल्टवर उतरली म्हणजे तो एक विशिष्ट जीव वाटू लागतो.

भरणाविषयी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. न ताणणाऱ्या दोन गोल चकत्या काठाशी सांधून पूर्ण फुगविल्या, तर फुगलेल्या आकाराचा व्यास मूळच्या सुमारे तीन-चतुर्थांश एवढाच राहतो. उंची वाढते ती रुंदीच्या खर्चाने. फेल्ट थोडे ताणते आणि आपणही भरण गच्च घालीत नाही, म्हणून घट इतकी होत नाही, तथापि ती होतेच. तारामाशाच्या पाच हातांना याचा फटका सर्वांत अधिक बसतो. कागदावर ऐटदार दिसलेले हात भरल्यावर आखूड आणि बोजड होतात, तेव्हा बेतातच ते गरजेपेक्षा लांब आणि टोकाशी निमुळते ठेवावेत. काठ संपूर्ण शिवून मग भरण कोंबण्याचा शिरस्ता येथे निरुपयोगी आहे. एक हात शिवावा, विणकामाच्या सुईच्या बोथट टोकाने त्यात पिंजलेला कापूस थोडाथोडा सारावा, मग दुसऱ्या हाताकडे वळावे. सावरीचा कापूस हलका असतो. फेल्टच्या कातरणांचा बारीक चुराही चालतो, मात्र त्याने वजन वाढते. तारामाशाच्या पाठीवर, मध्यापासून जरा बाजूला, एक सूक्ष्म सच्छिद्र तबकडी असते आणि तिचा संबंध त्याच्या शरीरातील जलवाहिन्यांशी असतो. फिक्या दोऱ्याची एकच गाठ त्या जागी घालावी. पाचपट सममितीच्या आकृतीत मध्य सोडून पडलेली ती गाठ मला फार आवडते.

समुद्रकाठच्या दुकानांतून वाळविलेले तारामासे शोभेच्या वस्तू म्हणून विकले जातात, आणि समुद्रघोडेही वाळवून विकले गेले आहेत. समुद्रघोड्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली स्थान मिळाले, म्हणजे त्यांना पकडणे वा त्यांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे. घरात समुद्राचे काही असावे ही इच्छा निर्दोष आहे, आणि ती भागविण्याचा याहून सभ्य मार्ग हातशिवणीने उपलब्ध करून दिलेला असताना वाळलेला जीव विकत घेण्याचे काहीच कारण नाही.

अष्टपादाचा विस्तार करीत नाही, कारण त्याचे आठ हात म्हणजे एकाच कामाची आठ आवर्तने. दोन सूचना पुरेत. ज्याला आपण डोके समजतो ती वरची पिशवी म्हणजे त्याचे धड असून तोंड हातांच्या मध्यभागी खाली असते, म्हणून त्या पिशवीवर हसरे ओठ शिवू नयेत. दुसरे, त्याच्या डोळ्यातील बाहुली आडव्या फटीसारखी असते. पांढऱ्या फेल्टच्या ठिपक्यावर काळ्या दोऱ्याचा एक आडवा टाका घातला की काम झाले.

डोळ्यांविषयी आणखी एक खबरदारी. आपल्याकडे पाळण्यावर चिमणाळे टांगण्याची जुनी चाल आहे, आणि हे जलचर त्या जागी फार शोभतात. परंतु तान्ह्या मुलाच्या हाती लागण्याजोग्या वस्तूवर मणी किंवा बटणे मुळीच लावू नयेत. डोळे दोऱ्यानेच भरावेत, आणि मूल हात पोहोचवू लागले म्हणजे टांगलेले सर्व जिन्नस उतरवून ठेवावेत. लोकरीच्या फेल्टला कसर लागते, तेव्हा पावसाळ्यापूर्वी हे जलचर ऊन दाखवून कडुनिंबाच्या वाळलेल्या पानांबरोबर डब्यात बंद करावेत. धुण्याची वेळ आलीच तर गार पाण्याने आणि न चोळता, कारण गरम पाणी व चोळणे यांनी फेल्ट आणखी आटते आणि आपण राखलेली रेषा बिघडते.

टांगण्याची कडी शेवटी घालावी, आणि तिची जागा अंदाजाने ठरवू नये. तयार प्राण्याच्या पाठीत एक टाचणी खोचून तिला दोरा बांधावा व तो अधांतरी धरावा. नाक खाली गेले तर टाचणी पुढे सरकवावी, शेपूट खाली गेली तर मागे. प्राणी समतोल राहिला की त्याच बिंदूतून दोरा आतल्या भरणात ओवून, आत गाठ मारून वर काढावा. देवमाशाला, त्याच्या लांबीमुळे, एका दोऱ्यावर गिरक्या घेण्याची खोड असते. त्याला पुढे आणि मागे असे दोन दोरे लावावेत. जेलीमाशाचा येथे उल्लेख केलेला नाही, कारण त्याच्या घंटेला खालचा तुकडाच नसतो आणि भरणावाचून तिचा आकार कसा टिकवावा हा प्रश्न स्वतंत्र आहे; तो पुढील लेखांकात घेऊ. तोवर वाचकांनी पापलेटचा एक बेत कापून ठेवावा.