वेळापत्रकांतील तारीख कशी ठरते?

मोठ्या कामाची अखेरची तारीख पुष्कळदां आश्वासन म्हणून दिली जाते. वस्तुतः ती एका गणिताचें उत्तर असावयास हवी. अमुक दिवशीं नव्या घराचा ताबा मिळेल, ह्या भरंवशावर एखादें कुटुंब भाड्याची जागा सोडतें आणि मुलांच्या शाळेची व्यवस्था करतें. ती तारीख हिशेबांतून निघाली कीं कोणीं सोयीनें लिहून टाकली, ह्यावर त्या कुटुंबाचें स्वास्थ्य अवलंबून असतें. हल्लीं हा हिशेब बहुधा संगणक करतो. परंतु तो केव्हां करतो आणि केव्हां करीत नाहीं, हें समजून घेण्यासारखें आहे.

कामांचे काळ आडव्या पट्ट्यांनीं दाखविणारा तक्ता अमेरिकन अभियंता हेन्री गँट (१८६१–१९१९) ह्यांच्या नांवानें ओळखला जातो. तो पाहावयास सुबोध खरा. पण एक काम लांबलें तर पुढील कोणतीं कामें किती सरकतील, हें केवळ पट्ट्यांवरून उमगत नाहीं. १९५७ च्या सुमारास ड्यू पॉन्ट कंपनीचे मॉर्गन वॉकर व रेमिंग्टन रँडचे जेम्स केली ह्यांनीं हा हिशेब युनिव्हॅक संगणकाकडून करवून घेण्याची रीत बसविली. एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांच्या साखळ्यांपैकीं जी सर्वांत लांब, तिला निर्णायक मार्ग म्हणतात. तिच्यांतील एका दिवसाचा विलंब अखेरची तारीख एक दिवस पुढें ढकलतो. इतर कामांना मात्र थोडीबहुत सवड असते.

हेंच तत्त्व आजच्या सॉफ्टवेअरांत आहे. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट हें त्यांतील एक प्रसिद्ध उदाहरण असून त्याची पहिली आवृत्ति १९८४ सालीं निघाली. त्यास तीन गोष्टी सांगाव्या लागतात: कामास लागणारा काळ, त्याच्या आधीं कोणतें काम पुरें व्हावें, आणि कामाचे दिवस व तास कोणते. आरंभ व समाप्ति ह्यांच्या तारखा त्यानें स्वतः काढावयाच्या. मात्र २०१० च्या आवृत्तीपासून नवें काम प्रथमतः हातानें आंखलेलें धरलें जातें. तें स्वयंचलित हिशेबाकडे सोंपविल्याखेरीज मागील काम लांबलें तरी त्याची तारीख आपोआप हलत नाहीं.

आतां तासांकडे वळावें. ह्या सॉफ्टवेअरची मूळची दिनदर्शिका सोमवार ते शुक्रवार, सकाळीं ८ ते १२ व दुपारीं १ ते ५ अशी आहे. शनिवारीं काम चालतें, किंवा गणेशचतुर्थीला बंद असतें, हें तिला सांगितल्यावांचून ठाऊक होत नाहीं. 'एक दिवस' म्हणजे तिच्या लेखीं कामाचे ८ तास. म्हणून विजेच्या तारा घालण्याचें एक दिवसाचें काम मंगळवारीं दुपारीं १ वाजतां सुरू झालें, तर तें बुधवारीं दुपारीं १२ वाजतां संपतें. पडद्यावर नुसत्या तारखा दिसत असल्यामुळें तें दोन दिवसांचें भासतें आणि हिशेब चुकल्याचा संशय येतो. तारखेबरोबर वेळही दाखविण्याची सोय चालू केली कीं हें कोडें सुटतें.

काहीं कामें मात्र सुटी पाळीत नाहींत. स्लॅबचें काँक्रीट रविवारींही घट्ट होत असतें. भारतीय मानक ४५६ (२००० ची आवृत्ति) ह्यानुसार ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालील टेकू साधारणतः ७ दिवस ठेवावयाचे असतात. काँक्रीट गुरुवारीं सायंकाळीं ५ वाजतां ओतून झालें आणि हे ७ दिवस कामाचे दिवस म्हणून लिहिले, तर मुदत पुढच्या गुरुवारीं न संपतां त्यानंतरच्या सोमवारीं संपते. चार दिवस विनाकारण वाढले! अशा ठिकाणीं रात्र व सुटी धरून अखंड चालणारा काळ निराळ्या चिन्हानें लिहावा लागतो.

हे बारकावे न कळल्यानें मनुष्य कंटाळून तारीख स्वतःच भरतो, आणि खरा घोटाळा तेथेंच होतो. आरंभाची तारीख भरली कीं सॉफ्टवेअर तिचा अर्थ 'ह्यापूर्वीं सुरू करूं नये' असा घेतें. मग मागील काम लवकर उरकलें तरी पुढील काम अलीकडे येत नाहीं. 'ह्याच दिवशीं संपलें पाहिजे' असें बंधन घातलें, तर मागची कामें कितीही रखडोत, ती तारीख जागची हलत नाहीं. कागदावर घर वेळेवर तयार होतें. प्रत्यक्षांत गिलावाही झालेला नसतो.

ह्याकरितां दिलेला शब्द आणि काढलेला हिशेब हे वेगळे ठेवावे. शब्द दिलेली तारीख अंतिम मुदत म्हणून निराळी नोंदतां येते. ती नोंद हिशेबांत ढवळाढवळ करीत नाहीं, पण काम तिच्यापुढें गेलें कीं खूण दाखविते. ताब्याची तारीख दोन आठवडे पुढें जाणार, हें तीन महिने आधीं कळलें तर घरमालकाशीं बोलतां येतें. सामान बांधल्यावर कळलें तर कांहींच करतां येत नाहीं. वेळापत्रकाचा उपयोग तारीख सुंदर दिसण्यांत नसून, ती चुकणार असल्यास वेळेवर सांगण्यांत आहे.