लघुउद्योगांचा वित्तप्रबंध (भारतातील)

अल्प भांडवलावर चालणाऱ्या उत्पादन व सेवा उद्योगांना स्थिर व खेळते भांडवल उपलब्ध करून देण्याची व्यवस्था. यंत्रसामग्रीतील गुंतवणूक व वार्षिक उलाढाल हे वर्गीकरणाचे निकष असून १ एप्रिल २०२५ पासून लघुउद्योगासाठी त्यांच्या मर्यादा अनुक्रमे २५ कोटी व १०० कोटी रुपये आहेत.

कर्वे समितीने (१९५५) विकेंद्रित उत्पादन व रोजगार यांवर भर दिला. त्याच वर्षी राष्ट्रीय लघुउद्योग निगम स्थापन झाला. राज्य वित्तीय निगमांनी (अधिनियम १९५१) मुदती कर्जे दिली, तर बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतर (१९६९) लघुउद्योगांचा अग्रक्रम क्षेत्रात समावेश झाला. १९६७ मध्ये काही वस्तूंचे उत्पादन लघुउद्योगांसाठी राखून ठेवण्यात आले. या संरक्षणामुळे अनेकांना बाजारपेठ मिळाली; परंतु गुंतवणुकीची मर्यादा ओलांडल्यास सवलत जात असल्याने विस्तार करण्याऐवजी लहानच राहणे कारखानदारास सोयीचे ठरले. हे आरक्षण टप्प्याटप्प्याने कमी होऊन २०१५ मध्ये संपुष्टात आले.

कर्जपुरवठ्यातील मुख्य अडचण तारणाची असते. भाड्याच्या गाळ्यात काम करणाऱ्या उद्योजकाकडे गहाण ठेवण्याजोगी स्थावर मालमत्ता क्वचितच असते. हिशेबपत्रके अपुरी असल्याने बँकेला जोखमीचा अंदाज येत नाही आणि लहान कर्जाच्या छाननीचा खर्चही तुलनेने अधिक पडतो. परिणामी उद्योजक अधिक व्याजाच्या खाजगी कर्जाकडे वळतो. हा दोष दूर करण्यासाठी भारतीय लघुउद्योग विकास बँक (१९९०) व तारणविरहित कर्जांना हमी देणारा पतहमी न्यास (२०००) स्थापन झाले. खेळते भांडवल अंदाजित उलाढालीच्या किमान २० टक्के धरावे, अशी शिफारस नायक समितीने (१९९२) केली.

विलंबित देणी ही तितकीच गंभीर समस्या होय. मोटारींचे सुटे भाग पुरविणारा अनुषंगी कारखाना पोलाद रोखीने वा अल्प मुदतीच्या उधारीवर घेतो, मजुरी वेळच्या वेळी देतो. मात्र मोठ्या ग्राहकाकडून पैसे काही महिन्यांनी मिळतात. मधल्या काळात लहान कारखाना मोठ्या उद्योगास बिनव्याजी भांडवलच पुरवीत असतो. मागणीपत्रे हाती असतानाही अशा वेळी कारखाना बंद पडू शकतो. २००६ च्या अधिनियमाने सूक्ष्म व लघुउद्योगांची देणी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करणे बंधनकारक केले. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. तथापि ग्राहक दुरावण्याच्या भीतीने पुरवठादार तक्रार करण्यास धजत नाही. म्हणून वसुलीचा भार केवळ त्याच्यावर न टाकणारे उपाय योजण्यात आले. देयकांवर आगाऊ रक्कम मिळवून देणारी इलेक्ट्रॉनिक वटवणूक-व्यवस्था २०१७ मध्ये कार्यान्वित झाली. २०२३ च्या वित्त अधिनियमानुसार विहित मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट आयकरासाठी ग्राहकास ती प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच मिळते.

लघुउद्योगाचे स्थैर्य केवळ स्वस्त कर्जावर अवलंबून नाही. विकलेल्या मालाचे पैसे वेळेवर हाती येण्यावरही ते तितकेच अवलंबून असते.