गर्भ आणि वनौषधी

झाडपाल्याचे औषध लागू पडले नाही तरी त्यापासून अपाय होत नाही, असा समज आपल्या देशाच्या सर्व भागांत रूढ आहे. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत मात्र तो तपासून पाहणे अगत्याचे ठरते. तिने घेतलेले औषध दोन देहांत जाते आणि त्यांपैकी एक देह अजून घडत असतो.

मातेच्या रक्तातील अन्न व प्राणवायू गर्भाला वारेमार्फत मिळतात. ही वार घातक द्रव्यांना अडवून धरते, अशी पूर्वी समजूत होती. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीस आलेल्या थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाने ती खोटी ठरविली. १९६१ मध्ये ते मागे घेतले जाईपर्यंत अनेक देशांत मिळून हजारो बालके हातापायांच्या व्यंगांसह जन्मास आली होती.

थॅलिडोमाइड हे कारखान्यात तयार झालेले रसायन होते. परंतु त्यावरून निसर्गातील द्रव्ये निर्धोक असतात, असे मानता येत नाही. अमेरिकेतील आयडाहो राज्याच्या डोंगराळ कुरणांत चरणाऱ्या काही मेंढ्यांना विसाव्या शतकाच्या मध्यास कपाळावर एकच डोळा असलेली कोकरे होऊ लागली. याचे मूळ तेथे उगवणाऱ्या व्हेराट्रम कॅलिफोर्निकम या वनस्पतीत सापडले. गर्भधारणेनंतर चौदाव्या दिवसाच्या सुमारास मेंढीच्या पोटात ही वनस्पती गेली, तर हे व्यंग उद्भवत असे. म्हणजे द्रव्य कोणते, याइतकेच ते केव्हा पोटात गेले, यालाही महत्त्व असते.

मानवी गर्भाचे प्रमुख अवयव तिसऱ्या ते आठव्या आठवड्यांत आकार घेतात. ज्या नलिकेपासून मेंदू व मज्जारज्जू बनतात, ती चौथ्या आठवड्याच्या अखेरीस मिटते. दिवस गेल्याची खात्री अनेक स्त्रियांना त्याच सुमारास होते.

दुर्दैवाने, हरयाणात व उत्तर भारताच्या अन्य काही भागांत मुलगा व्हावा म्हणून स्त्रीला औषध देण्याची प्रथा आहे आणि ते बहुधा याच नाजूक काळात दिले जाते. त्यात शिवलिंगीच्या बियांचा वापर होतो. वस्तुतः मूल मुलगा की मुलगी, हे गर्भधारणेच्या क्षणीच पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रामुळे निश्चित झालेले असते. नंतर दिलेले कोणतेही औषध ते बदलू शकत नाही. उलट, हरयाणात झालेल्या अभ्यासांत अशी औषधे घेतलेल्या स्त्रियांमध्ये जन्मजात व्यंगे व मृत बालकाचा जन्म यांचे प्रमाण अधिक आढळले. पुत्राच्या आशेने दिलेले औषध अशा रीतीने अपत्यावरच घाला घालू शकते.

दुसरा धोका मिश्रणाचा होय. न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये सहा गर्भवती स्त्रियांना शिशाची विषबाधा झाल्याचे उघडकीस आले. भारतात तयार झालेल्या दहा पारंपरिक औषधांशी तिचा संबंध होता. शिसे वारेतून गर्भापर्यंत पोहोचते आणि मेंदूच्या वाढीस बाधा आणते.

यावरून प्रत्येक वनस्पती त्याज्य ठरत नाही. गरोदरपणातील मळमळीवर आल्याचा उपयोग होतो, असे अनेक चाचण्यांत दिसून आले आहे आणि माफक प्रमाणात घेतल्यास त्यामुळे व्यंगे उद्भवल्याचे आढळलेले नाही. आल्याविषयी असे म्हणता येते, ते त्याची पद्धतशीर पाहणी झाली म्हणून. बहुतेक वनौषधींची अशी पाहणी अद्याप झालेली नाही. पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव मोलाचा खरा. परंतु पुष्कळ महिन्यांनी दिसणाऱ्या व्यंगाचा संबंध पूर्वी घेतलेल्या काढ्याशी जोडणे घरच्या अनुभवाला सहसा साधत नाही.

म्हणून औषधात काय आहे, ते किती आणि कितव्या महिन्यात घ्यायचे, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज गर्भवतीने ते घेऊ नये. घेतले असल्यास डॉक्टरांपासून लपवू नये. घरातील वडीलधाऱ्यांनी दिलेले औषध डॉक्टरांना सांगण्यात त्यांचा अनादर होत नाही. उलट, ज्या बाळासाठी त्यांनी ते दिले, त्याचेच त्यात हित असते.