सुरक्षा फक्त टॉप मॉडेललाच?

४ सप्टेंबर २०२२ च्या दुपारी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री कार अपघातात गेले. मागच्या सीटवर होते, बेल्ट लावलेला नव्हता. दर सप्टेंबरात ते आठवतं आणि राग येतो.

तो मुंबई-अहमदाबाद हायवे आम्हा मनोरकरांच्या दारातला. आठ नंबरचा अठ्ठेचाळीस झाला, २०१४ ला पालघर जिल्हा झाला, ते सगळं होऊन गेलं. माझ्या मनात राहिलंय ते त्याच सुमाराचं दशक. तारापूर एमआयडीसीत चिकटलेली पोरं कर्ज काढून पहिली गाडी, म्हणजे बेस मॉडेल, घरी आणत. कोटेशनच्या कागदावर अलॉय व्हील, म्युझिक सिस्टीम आणि त्यांच्याच रांगेत एअरबॅग! "ती टॉप मॉडेलला मिळेल," असं सेल्समन सांगे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश चाचणीत आपल्याकडच्या पाच गाड्यांना शून्य तारे मिळाले. एकीतही एअरबॅग नव्हती. तरी ड्रायव्हरपुरती सक्ती व्हायला जुलै २०१९ उजाडला.

विमानं बनवणाऱ्या बोईंगनं तरी वेगळं काय केलं? ७३७ मॅक्स विमानाचा हवेशी होणारा कोन मोजणारे दोन सेन्सर एकमेकांशी जुळेनासे झाले की कॉकपिटमध्ये इशारा उमटायला हवा. तो चालायचा फक्त जादा पैसे मोजून इंडिकेटर घेतलेल्या विमानांत. लायन एअर आणि इथिओपियनच्या पडलेल्या विमानांत तो नव्हता. एकाच सेन्सरवर विसंबून एमकॅस ही स्वयंचलित यंत्रणा विमानाचं नाक खाली दाबत राहिली. ३४६ माणसं गेली. लायन एअरचा कॅप्टन दिल्लीचा भव्य सुनेजा. एमकॅस नावाचं काही विमानात आहे हे तोवर वैमानिकांना सांगितलेलंच नव्हतं. बोट मात्र आधी त्यांच्याकडेच वळलं.

चारोटीतही गुन्हा चालकावर दाखल झाला. बेल्ट लावायला हवाच होता, वाद नाही. पण पुलाशी तीन लेनच्या दोन कुणी केल्या? मागच्या बेल्टचा अलार्म सक्तीचा का नव्हता? उलट अलार्म गप्प करणाऱ्या क्लिपा ऑनलाइन खुशाल विकल्या जात होत्या. त्यांवर ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचा आदेश निघाला मे २०२३ मध्ये.

सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा मसुदा तर जानेवारी २०२२ चा. अपघाताला महिना व्हायच्या आत मुदत वर्षभर पुढे गेली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी म्हणाले, सक्ती करणार नाही. हे फार लागलं. बेस मॉडेलमध्ये बसणाऱ्याचा जीव स्वस्त नाही. गडकरीसाहेब, सहा एअरबॅगच्या सक्तीची अधिसूचना काढा. आणि गाडी बुक करणाऱ्यांनो, मागच्या सीटवर कोण बसणार आहे ते आठवून मगच कोटेशनवर सही करा.