हक्कसोडपत्र : सहीआधी हिस्सा समजून घ्या

पुणे-सोलापूर महामार्गावरील टेंभुर्णीत रस्त्याकडेच्या गाळ्याला चांगले मोल आहे. वडिलांच्या पश्चात असा गाळा एका भावाच्या नावे करायचा, तर इतर वारसांकडून हक्कसोडपत्र घेतात. "बहिणीची एक सही" म्हणून विषय संपतो. पण बहीण किती सोडते आहे, हे आधी तिला सांगितले पाहिजे.

मरहूमांची पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी एवढेच वारस असतील, तर कर्ज व वसियत भागवून उरलेल्या मिळकतीचे ४० भाग धरा. पत्नीला ५, प्रत्येक मुलाला १४ आणि मुलीला ७.

वडील हयात असताना मुलांना वारसाहक्कच नसतो. त्या वेळी लिहून घेतलेले हक्कसोडपत्र सहसा टिकत नाही. नुसती नोटरीही पुरत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार दस्त सहीपासून ४ महिन्यांत दुय्यम निबंधकांकडे नोंदवावा, मगच फेरफार करून घ्यावा. फेरफार हा मालकीचा दस्त नव्हे.

बहिणीने राजीखुशीने हक्क सोडला तर तसे, मोबदला घेतला तर रक्कम दस्तात स्पष्ट लिहावी. त्याने नातेही टिकते आणि गाळाही कोर्टात अडकत नाही.